दप्तरात न दिसणारं ओझं

"शाळेत तर अगदी गरीब गाय असतो तुमचा मुलगा. घरी त्रास देत असेल तर तुमचेच लाड नडतायत, बाई!"

मुलाची काळजी घेऊन शाळेत गेलेल्या किती आयांनी हे वाक्य ऐकलं असेल, कोण जाणे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी ते मला सांगतात, आणि सांगताना मान खाली घालतात. जणू स्वतःचा गुन्हाच कबूल करतायत.

मी एका तालुक्याच्या गावी विशेष शिक्षिका आहे. म्हणजे साध्या शाळेत जाणारी, पण जरा वेगळ्या पद्धतीने शिकणारी मुलं माझ्याकडे येतात. कुणी स्वमग्न असतं, कुणाला वाचन-लेखन जमत नाही, कुणाला दहा मिनिटं एका जागी बसवत नाही. इंग्रजीत हल्ली या सगळ्यांना मिळून 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. साध्या भाषेत सांगायचं, तर ज्यांच्या मेंदूची घडण चारचौघांपेक्षा वेगळी आहे अशी मुलं. मुलं माझ्यासमोर बसतात, पण खरं बोलणं होतं ते आयांशी. आणि त्यातला मोठा भाग असतो संध्याकाळचा.

कारण चित्र बहुतेक घरांत सारखंच असतं. साडेपाचला मूल शाळेतून येतं. दप्तर फेकतं. आई विचारते, "काय शिकवलं रे आज?" उत्तर नाही. "हातपाय धू, दूध घे, अभ्यासाला बस." तेवढ्यात दुधावर साय आलेली दिसते, किंवा धाकटीने पेन घेतलेलं असतं, आणि मग जे काही सुरू होतं ते विचारू नका. आरडाओरडा, लाथा, डोकं आपटणं, तासभर रडणं. शेजारीण खिडकीतून डोकावते. सासूबाई मीठ-मोहऱ्या घेऊन येतात. नवरा म्हणतो, दोन ठेवून दे, म्हणजे गप्प बसेल. आणि आईला मनातून वाटत राहतं, की शाळेत शहाण्यासारखं वागणारं माझं लेकरू माझ्याचपुढे असं का करतं?

मैत्रिणींनो, उत्तर ऐकाल तर आश्चर्य वाटेल. ते तुमच्यापुढे असं करतं, कारण तुम्ही त्याच्या भरवशाच्या आहात. दिवसभर दाबून धरलेलं ते घराच्या उंबऱ्यात सोडून देतं.

दाबून धरलेलं म्हणजे काय?

आपण एकदा शाळेच्या इमारतीत नुसतं कानांनी जाऊन बघू या. लोखंडी रुळाच्या तुकड्यावर पडणारे टोले. फरशीवर ओढलेले बाक. कुरकुरणारा पंखा. एकाच वेळी पाढे म्हणणारी चाळीस मुलं आणि शेजारच्या वर्गातून येणारी कविता. मधल्या सुट्टीत खिचडीचा वास, ताटल्यांचा खणखणाट, रेटारेटी. गणवेशाच्या कॉलरला आतून टोचणारी चिठ्ठी. आपला मेंदू यातलं नव्वद टक्के बाजूला सारतो आणि बाईंच्या आवाजाकडे लक्ष देतो. आपल्याला ते कळतही नाही. स्वमग्न मुलांच्या मेंदूला ही चाळण नीट लावता येत नाही. सगळंच सारख्या जोराने आत येतं. काहींना आवाज, वास, स्पर्श आपल्या कितीतरी पट बोचतात.

त्यात भर म्हणजे माणसांचं वागणं वाचायचं. बाई हसून 'वा, छान!' म्हणाल्या, ते कौतुक की टोमणा? खेळाचा नियम एकदम का बदलला? आज परिपाठाऐवजी पाहुणे का आले? यातलं प्रत्येक कोडं ते मूल मनातल्या मनात सोडवत असतं, आणि बाहेरून मात्र 'गरीब गाय' दिसतं. सहा तास कुणी दोन्ही हातांत भरलेल्या घागरी घेऊन चाललं, तर घरी येऊन काय करील? टाकून देईल की नाही?

याला मी आयांना समजेल असा शब्द वापरते : उतू जाणं. दूध उतू जायला लागलं की आपण काय करतो? गॅस बंद करतो. दुधाला बोलत नाही, समजावत नाही, 'पुन्हा असं करशील?' असं विचारत नाही. मूल उतू जातं तेव्हाही हेच लागू आहे. त्या क्षणी त्याला शब्द पोचत नाहीत. मार तर नाहीच नाही. तो म्हणजे गॅस आणखी मोठा करणं.

हट्ट आणि हे उतू जाणं यात फरक आहे, आणि तो ओळखता येतो. हट्ट करणारं मूल मधूनमधून आपल्याकडे बघतं, कुणी लक्ष देतंय का ते पाहतं, आणि हवी ती वस्तू मिळाली की बहुधा शांत होतं. उतू गेलेल्या मुलाला मागितलेली वस्तू दिली तरी थांबता येत नाही. नंतर ते गळून जातं, झोपतं, कधी कधी 'मी वाईट आहे का?' असंही विचारतं.

काही मुलं मात्र उतू जात नाहीत, लाजाळूच्या झाडासारखी मिटतात. बोलणं बंद, खाणं बंद, कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडून राहणं. मुलींमध्ये हे पुष्कळदा दिसतं. त्या मैत्रिणींचं बघून बघून हसायला, बोलायला शिकतात, वर्गात निभावून नेतात, आणि घरी आल्यावर पोट दुखतं म्हणून झोपून राहतात. अशी मुलगी कुणाला त्रास देत नाही, त्यामुळे तिच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. 'लाजाळू आहे, मोठी झाली की सुधारेल,' एवढ्यावर वर्षानुवर्षं निघून जातात.

'घ' की 'ध'?

दुसरा गट वाचन-लेखनाच्या अडचणीचा. २००७ साली 'तारे जमीं पर' आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. पण तो इंग्रजी अक्षरांपुरता आहे, असा अनेकींचा समज झाला. मराठीतही तो तेवढाच छळतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांत गल्लत. 'खाणे'तला ख हा र आणि व असा वाचला जाणं. वेलांटी कुठल्या बाजूची ते न कळणं. जोडाक्षर आलं की गाडी अडणं. ३ आणि ६ एकमेकांच्या जागी लिहिणं. शिकायला लागलेली सगळीच मुलं थोडेफार दिवस या चुका करतात. त्या तिसरी-चौथीपर्यंत तशाच राहिल्या, आणि मूल तोंडी मात्र फटाफट उत्तरं देत असेल, तर थांबून विचार करायला हवा.

आकड्यांचंही तसंच. आपण 'पंचवीस' म्हणताना पाच आधी बोलतो, पण लिहिताना दोन आधी लिहितो. अनेक मुलं ५२ लिहून मोकळी होतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' असं वाचन आलं, तेव्हा केवढे विनोद झाले ते तुम्हाला आठवत असेल. ज्या घरात असं मूल होतं, त्या घरातल्या आईला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

तिसरा गट चंचल मुलांचा, ज्याला एडीएचडी म्हणतात. हे मूल मुद्दाम ऐकत नाही असं वाटतं. पण 'वही काढ, तारीख घाल, पान चाळीस उघड, पहिला प्रश्न लिही' अशा चार सूचना एका दमात दिल्या, तर त्याच्यापर्यंत पहिलीच पोचते. पुढच्या तिन्ही हवेत जातात. मग 'लक्ष कुठंय तुझं?' हे ते दिवसातून वीस वेळा ऐकतं. एखाद्या मोठ्या माणसाला रोज वीस वेळा कुणी टोकलं, तर तो नोकरी सोडील. मूल शाळा कशी सोडणार? ते मग सकाळी पोट दुखतं म्हणतं, उलटी काढतं, बस चुकवतं.

पुष्कळ मुलांत यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र असतात, हेही लक्षात असू द्या.

आईच्या माथी

आईला दोष देणं हे काही आपल्याच गावातलं खूळ नाही. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन लिहिलं. त्यानंतरची जवळजवळ दोन दशकं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते, की अशी मुलं थंड स्वभावाच्या आयांमुळे होतात. त्यांनी त्या बायकांना चक्क 'फ्रिजसारख्या आया' असं नाव ठेवलं होतं. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता, पुस्तक लिहून हे म्हणणं खोडून काढलं. १९७७ मध्ये इंग्लंडमध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला आणि यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे हे दिसून आलं. आईच्या मायेचा, तिच्या नोकरीचा, गरोदरपणात पाहिलेल्या ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. लसीचाही नाही, तेही तपासून झालं आहे.

तिकडे हा निकाल लागून पन्नास वर्षं झाली. आपल्या ओसरीवर खटला अजून चालूच आहे. तिथे 'फ्रिजसारखी आई' नसते, 'फार लाड करणारी' नाहीतर 'मशीनवर बसून मुलाकडे न बघणारी' आई असते. आरोप उलटसुलट, आरोपी तीच.

"दाखला काढून न्या"

अशाच एका आईची हकिकत सांगते. नाव-गाव सांगणार नाही. ती घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते, नवरा टेम्पो चालवतो. मुलगा तेव्हा तिसरीत होता. चित्रं सुरेख काढायचा, सगळ्या एसट्यांच्या वेळा तोंडपाठ. पण वर्गात मधेच उठून मुलांना ढकलायचा, आणि एके दिवशी एका मुलाला कडकडून चावला. दुसऱ्या दिवशी शाळेने आईला बोलावलं आणि सांगितलं, "दाखला काढून न्या. याला खास शाळेत घाला." खास शाळा होती जिल्ह्याच्या गावी, एसटीने दीड तास. नवरा म्हणत होता, वसतिगृहात ठेवू. ती माझ्याकडे आली, तेव्हा मशीन विकायचं आणि जिल्ह्याला खोली घ्यायची, इथवर तिचा विचार गेला होता.

मी तिला म्हटलं, पंधरा दिवस थांब. एक वही घाल. रोज काय झालं ते नको, काय होण्याच्या आधी काय झालं ते लिही. बाईंना विचार, वर्गातल्या एखाद्या मुलीला विचार.

वहीत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या. पहिली घंटा : त्याचा बाक दाराशी होता आणि घंटा दाराबाहेरच टांगलेली. दुसरी खिचडीची रांग. तिसरी गोष्ट कुणाच्या डोक्यातही आली नसती : शिक्षक रजेवर असले की दोन वर्ग एकत्र बसवले जायचे. ज्या दिवशी तो चावला, तो त्यातलाच दिवस होता.

आम्ही मुख्याध्यापकांना भेटलो. भांडायला नाही; वही पुढे ठेवली आणि तीनच गोष्टी मागितल्या. त्याचा बाक आतल्या भिंतीशी न्यावा, आणि घंटा देण्याआधी शिपाईमामांनी त्याला हाताने खूण करावी. जेवण त्याने एका मित्राबरोबर व्हरांड्याच्या टोकाला करावं. आणि वर्ग जोडले जातील त्या दिवशी त्याने ऑफिसशेजारच्या कपाटातली पुस्तकं लावत बसावं. तिन्हींना मिळून खर्च शून्य रुपये. मुख्याध्यापक थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, महिनाभर करून बघू.

चमत्कार वगैरे झाला नाही. पहिल्या आठवड्यात तो एकदा रडत घरी पळाला. घंटेची खूण मात्र त्याला फार आवडली. पुढे पुढे तो स्वतःच मामांच्या बाजूला कानांवर हात ठेवून उभा राहायचा आणि टोले मोजायचा. चावणं थांबलं. मधल्या काळात जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली, स्वमग्नतेचं निदान झालं. निदान ऐकून बापाने दोन दिवस कुणाशी शब्द बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याला टेम्पोतून स्टँडवर घेऊन गेला आणि बापलेक तासभर एसट्या बघत बसले. आज तो सहावीत आहे, त्याच शाळेत. गणित बरं आहे, निबंध लिहिताना अजून रडू येतं. मशीन घरीच आहे आणि दिवाळीच्या आधी दोन महिने त्यावर कामाचा ढीग असतो.

घरी काय करता येईल?

ज्या गोष्टी माझ्याकडच्या आयांना उपयोगी पडल्या, त्या सांगते. सगळ्या सगळ्यांना लागू पडतील असं नाही. तुमच्या मुलाचं दुखणं-खुपणं तुम्हालाच ठाऊक.

शाळेतून आल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास प्रश्न विचारू नका. 'काय शिकवलं' नको, 'डबा का उरला' नको. खायला द्या, तेही रोज साधारण एकाच चवीचं असलं तर बरं. झोका, पाण्यात खेळणं, जड उशी कवटाळून पडणं, अंधाऱ्या खोलीत एकटं बसणं, जे त्याला निववतं ते करू द्या. त्याचा गणवेश आधी बदला. अर्धी चिडचिड कधी कधी त्या कॉलरमध्येच असते.

उतू जायला लागलं, की बोलणं कमी करा. टीव्ही बंद, दिवा मंद, बाकीची मुलं बाहेर. लागेल अशा वस्तू बाजूला करा आणि जवळ, पण हात न लावता बसा. काहींना घट्ट मिठी हवी असते, काहींना स्पर्शही नको असतो. हे शांत असताना विचारून ठेवा. कारणमीमांसा आणि शिकवण दुसऱ्या दिवसासाठी.

अभ्यास थोडा आणि तुकड्यांत. वीस गणितांऐवजी पाच, पण स्वतःची. एका वेळी एकच सूचना. उद्या काही वेगळं असेल, शाळेत पाहुणे किंवा घरी लग्न, तर आदल्या दिवशी चित्र काढून किंवा मोजक्या शब्दांत सांगून ठेवा. लग्नात डीजे असेल, तर जेवून लवकर निघा. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. दोन दिवसांनी विसरतील.

शाळेकडे काय मागावं?

शिक्षकांवरही ओझं असतं, हे मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे जाणते. म्हणून 'माझ्या मुलाकडे लक्ष द्या' असं मोघम सांगू नका. छोट्या, करता येण्यासारख्या गोष्टी मागा : बसायची जागा, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी दुसऱ्याच्या वहीचा फोटो, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला न लावणं, लेखीऐवजी काही उत्तरं तोंडी घेणं, कोंडल्यासारखं वाटलं तर पाणी प्यायला बाहेर जाण्याची मुभा. मागणी कागदावर लिहून द्या आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा.

आणि कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही, आणि मारणं किंवा मानसिक छळ करणं यालाही बंदी आहे. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचा प्रश्न तेवढा वेगळा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे. त्यात स्वमग्नता आहे आणि अध्ययन अक्षमताही आहे. सरकारमान्य शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि त्यांच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असं हा कायदा सांगतो. एडीएचडीचं नाव मात्र त्या यादीत स्वतंत्रपणे नाही. त्याच्या जोडीला अध्ययन अक्षमता आहे का, हे म्हणून तपासून घ्यावं. तेव्हा 'दाखला काढून न्या' असं कुणी तोंडी म्हणालं, तर नम्रपणे एवढंच म्हणा, "हे मला लिहून द्याल का?" पुष्कळदा विषय तिथेच थांबतो.

तपासणीची सुरुवात कान आणि डोळ्यांपासून करा. नीट ऐकू न येणारं मूल 'लक्ष न देणारं' ठरल्याची उदाहरणं थोडी नाहीत. पुढे जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. २०१३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत येणारं डॉक्टरांचं पथक असतं, आणि त्याला जोडून जिल्हा पातळीवर मुलांच्या विकासाच्या अडचणी तपासणारं केंद्र असतं. समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक तुमच्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रात भेटतात. अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान साधारण आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, पण मदत करायला निदानाची वाट बघावी लागत नाही.

प्रमाणपत्र घेतलं तर मुलावर शिक्का बसेल, ही भीती खरी आहे. मुलगी असेल तर जास्तच. पण ते प्रमाणपत्र कपाटात राहणारं आहे, कपाळावर नाही. दहावी-बारावीला बोर्डाच्या नियमाप्रमाणे जादा वेळ, लेखनिक अशा सवलती त्यावरच मिळतात, आणि त्यासाठी अर्ज शाळेमार्फत वेळेत जावा लागतो. फेब्रुवारीत धावपळ करून हाती काही लागत नाही. नववीतच तयारीला लागा. नेहमीची शाळा अगदीच झेपत नसेल, तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून एकेक-दोन-दोन विषय देत सवडीने दहावी करता येते. तेही दहावीच असतं.

आणखी एक. 'सहा महिन्यांत मूल नॉर्मल करून देतो' असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहा, मग तो भगत असो की पांढऱ्या कोटातला. स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये उकळले जातात, आणि स्वमग्नतेवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. त्यासाठी मंगळसूत्र मोडू नका. बोलण्याची, हाताच्या कामाची, वागणुकीची नियमित मदत, आणि चंचलतेसाठी गरज असेल तर डॉक्टरांनी दिलेलं औषध, यांचा रस्ता लांबचा आहे, पण तो कुठेतरी पोचतो.

आणि तुम्ही?

इतकं सगळं लिहिलं, पण यातलं बहुतेक काम शेवटी एकाच बाईच्या अंगावर पडतं. तिची झोप अर्धी, जेवण गार, माहेरी जाणं बंद, हळदीकुंकवाला बोलावणं आलं तरी 'नको, तो रडेल' म्हणून घरीच. तीही उतू जातेच की. फरक एवढाच, की ती बाथरूममध्ये नळ सोडून रडते. म्हणून घरातल्या पुरुषांना माझं सांगणं आहे : आठवड्यातून एक संध्याकाळ मूल तुमच्याकडे. 'मदत' म्हणून नव्हे, बाप म्हणून. आजी-आजोबांना सल्ला द्यायचा असेल तर जरूर द्या, पण आधी एक तास मुलाला सांभाळून दाखवा. आणि घरातल्या दुसऱ्या भावंडालाही अधूनमधून एकटी आई मिळू द्या. ते शहाणं असतं म्हणून त्याला गृहीत धरलं जातं.

तुमच्या घरी असं मूल नसेल, तरी तुमच्या वाड्यात, गल्लीत, बचतगटात अशी आई नक्की आहे. एसटी स्टँडवर कुणाचं मूल जमिनीवर लोळताना दिसलं, तर 'आमच्या वेळी असं नव्हतं बाई' एवढं मनातच ठेवा. तिच्या हातातली पिशवी धरा. गर्दीला जरा मागे व्हायला सांगा. तिला बोलायची इच्छा नसते, पण पिशवी धरणारी बाई तिच्या फार दिवस लक्षात राहते.

जूनमध्ये शाळा सुरू होतील. नवा वर्ग, नव्या बाई, नवा बाक. ज्या आयांना आत्तापासूनच धडधडायला लागलंय, त्यांनी शाळा उघडण्याआधी एकदा मुलाला रिकाम्या वर्गात नेऊन आणा. खिडकी कुठे आहे, नळ कुठे आहे, घंटा कुठे टांगली आहे, ते त्याला शांतपणे बघू द्या. आणि येताना दुकानातून एक चाळीस पानी वही घ्या. पहिल्या पानावर तारीख घाला.